स्लो स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची ओम्नी शाळेची मुलं नेते, काहींची कॉटन मार्केटमधून माल वाहते, काहींच्या घरी वडिलांची गाडी म्हणून जपलेली आहे. तक्रार मात्र सगळ्यांची एक. पळताना गाडी चांगली, पण व्हरायटी चौकात सिग्नल लागला की थरथरते, कधी बंदच पडते. मग मेकॅनिक सीट उचलतो, स्क्रूड्रायव्हर घालतो आणि स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरतं तो वेग, वाढवून देतो. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. त्याच्याआधी काय तपासायचं, तेवढंच आज सांगतो.

१९८४ साली ही गाडी मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या सीटच्या खाली. स्लोवर ते मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे तिघांचे मिळून सेकंदाला बावीस-तेवीस ठोके. त्यातला एक सिलिंडर काम करेना, तर सेकंदाला सात-आठ वेळा ठोका चुकतो. चार सिलिंडरच्या गाडीत एक गेला तर पाव ताकद जाते, इथे तिसरा हिस्सा जातो. इंजिन तुमच्याच खाली असल्यामुळे तो हिसका थेट पाठीत जाणवतो.

दोष स्लोवरच का दिसतो, हे नीट समजून घ्या. स्लोवर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोडी हवा ओढतं आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम भरपूर असतो. अशा वेळी एखाद्या तडकलेल्या पाइपातून बारीकशी हवा आत शिरली, तरी एकूण हवेत तिचा वाटा मोठा होतो आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. वर्धा रोडवर साठच्या वेगाने जाताना तीच गळती शेकड्यात एक-दोन भागांची ठरते, म्हणून कळत नाही. ‘पळताना ठीक, उभी राहिली की थरथर’ असं कोणी म्हटलं, की माझा पहिला संशय हवेच्या गळतीवर जातो.

नागपुरात रबर लवकर मरतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात सीटखालच्या बंद पेटीत इंजिनाची उष्णता. व्हॅक्यूमचे पाइप आधी कडक होतात, मग टोकाशी चिरतात. इंजिन चालू ठेवा आणि एकेक पाइप नाकी पकडीने हलकेच दाबून आवाज ऐका. एखादा दाबल्यावर इंजिन स्थिरावलं, तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पुढे जोडलेल्या भागात आहे. ज्यांच्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, त्यांनी बूस्टरचा पाइप विसरू नये. त्यानंतर कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, बुडाचे नट आणि खालचं पॅकिंग बघा. काही जण गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारतात. ओम्नीत हे करू नका. सीट उचललेली, शेजारी ठिणगी, आणि वाफ साठते ती माणसं बसतात त्याच डब्यात. मुलं नेणाऱ्या गाडीत तर ही पद्धत मला सहनच होत नाही.

हवेचं झालं की ठिणगी. जुन्या पॉइंटवाल्या गाडीत पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, जळलेत का, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला बारीक तडा आहे का, प्लगच्या वायरी अंधारात चमकतात का, हे बघा. पॉइंटचं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असावं लागतं, आणि ते बदललं की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं. त्यामुळे पॉइंट घासून झाल्यावर टायमिंग न बघता गाडी परत देणं म्हणजे अर्धंच काम. कोणता सिलिंडर मेला आहे हे शोधायला मेकॅनिक एकेक वायर काढतो. जी काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, ओम्नीत मात्र वायर ओढू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा.

ज्यांनी एलपीजी किट बसवलं आहे, त्यांच्याकडे एक तपासणी फुकट आहे. गाडी गॅसवर आणि पेट्रोलवर दोन्हीकडे थरथरते का? दोन्हीकडे थरथरली तर कार्बोरेटरला दोष देऊ नका. ठिणगी, हवा किंवा खुद्द इंजिन बघा. गॅसवर शांत आणि पेट्रोलवर अस्वस्थ असेल, तरच कार्बोरेटर उघडा. बहुतेक वेळा स्लो जेटमध्ये, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, कचरा सापडतो, कारण जो कायम गॅसवर चालवतो त्याच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं.

आता पेट्रोलबद्दल. देशात इथेनॉलचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आलं, आणि आता पंपावर २० टक्क्यांचं मिळतं. वजनाच्या हिशोबाने एक भाग पेट्रोल जळायला १४.७ भाग हवा लागते, एक भाग इथेनॉलला सुमारे ९. जुन्या कार्बोरेटरचे जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेले आहेत. त्यांना हा बदल कळत नाही आणि मिश्रण पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे सांभाळून घेते, कार्बोरेटरवाली नाही. शिवाय इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि टाकीचा गाळ सोडवतं. म्हणून पेट्रोलचे पाइप नव्या इंधनाला चालतील असेच घ्या आणि फिल्टर वेळेआधी बदला.

एमपीएफआय गाडीची स्लो एका लयीत वर-खाली होत असेल, तर थ्रॉटल बॉडीवरचा काजळीचा थर आणि स्लो सांभाळणारा आयडलचा व्हॉल्व साफ करा. हवेची गळती इथेही तपासाच.

मग स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, हेडलाइट आणि पंखा बंद, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर स्वच्छ. आधी मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन जिथे सगळ्यात गुळगुळीत चालतं ती जागा शोधा, मग स्पीडचा स्क्रू. इथे पीयूसीचा मुद्दा येतो. कार्बोरेटरच्या गाडीची तपासणी स्लोवरच होते. भारत स्टेज-दोन या प्रदूषणाच्या मानकाच्या आधीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, दोन आणि तीनच्या गाडीला अर्धा टक्का. मग काही जण प्रमाणपत्रापुरतं मिश्रण पातळ करून ठेवतात आणि गाडी तशीच रस्त्यावर सोडतात. थरथर तिथूनच सुरू होते. ज्या गाडीची ठिणगी, हवा आणि टॅपेट (व्हॉल्वची फट) ठीक आहेत, ती गाडी नीट ट्यून करूनही पास होते. हे मी ठामपणे सांगतो.

एका भाऊंनी विचारलं की हे सगळं करूनही एक सिलिंडर ढिला राहिला तर? तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा. सिलिंडरा-सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्वच्या सीट झिजतात, टॅपेट घट्ट होतात आणि गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही. म्हणून हेड उघडायचा खर्च मान्य करण्याआधी थंड इंजिनावर टॅपेट सेट करून घ्या आणि पुन्हा मोजा. तोवर कोणी नवा कार्बोरेटर घ्या म्हणालं, तर घेऊ नका.