दम खाणं म्हणजे काय

श्रोतेहो, नमस्कार.

आज ऐकता ऐकता एक छोटंसं काम करा. बसल्या जागी एक हात पोटावर ठेवा, बेंबीच्या जरा वर. दुसरा छातीवर. आता नेहमीसारखा श्वास घ्या. कुठला हात आधी हलला? छातीवरचा हलला असेल तर तुमचा श्वास वरवरचा चाललाय. घरात बसल्या बसल्या तो खपून जातो. पण चार तास सायकल चालवायची असेल, लांब पल्ला धावायचा असेल, डोंगर चढायचा असेल, तर हा वरवरचा श्वास फार महागात पडतो.

का ते सांगते. नाकापासून फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांपर्यंत जी वाट आहे, त्या वाटेतच साधारण दीडशे मिलिलिटर हवा अडकून राहते. ती रक्तापर्यंत पोचतच नाही, आली तशी परत जाते. आता समजा, तुम्ही मिनिटाला ३० वेळा अर्धा-अर्धा लिटर हवा घेतलीत. झाली १५ लिटर. त्यातली साडेचार लिटर वाटेतच वाया गेली. तीच १५ लिटर हवा तुम्ही १५ श्वासांत, एकेक लिटर करून घेतलीत, तर वाया जाते फक्त सव्वादोन लिटर. आत घेतलेली हवा तेवढीच, पण कामी आलेली हवा सव्वादोन लिटरने जास्त. दर मिनिटाला! म्हणून श्वास खोल हवा, पोटापासून हवा.

आणि खोल श्वास घ्यायचा तर आधी काय करायचं? सोडायचा. आधी सोडा, मग घ्या. हे मी आज दोन-तीनदा सांगणार आहे. धाप लागली की आपण हवा ओढायला धावतो. तोंड उघडतो, खांदे वर करतो, ओढ ओढ ओढतो. पण आधीची हवा पुरती बाहेरच गेलेली नसते, मग नवीन मावणार कुठे? आपल्याला श्वास घ्यायची जी ओढ लागते ना, ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे लागत नाही. ती लागते कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. तो बाहेर काढायचा तर श्वास पुरता सोडायला हवा.

म्हणूनच धाप लागणं वेगळं आणि रक्तातला प्राणवायू कमी होणं वेगळं. पुन्हा सांगते, धाप वेगळी, प्राणवायू कमी होणं वेगळं. समुद्रसपाटीवर एखादा निरोगी माणूस जीव तोडून धावला आणि त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला प्राणवायू शेकड्यात दाखवणारं यंत्र, लावला, तर बहुतेक वेळा आकडा नव्वदीच्या वरच्या बाजूलाच दिसेल. धाप मात्र अशी की एक शब्द बोलवत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण हृदय आणि स्नायू तो त्याहून वेगाने पोचवू आणि वापरू शकत नाहीत. म्हणून ते छोटे डबे मिळतात ना, शर्यतीनंतर दोन झुरके घ्यायचे प्राणवायूचे, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. शरीरात प्राणवायूची बचतपेढी नसते, मिनिटा-दोन मिनिटांत तो वापरला जातो. आणि तोंडाला घट्ट मुखवटा बांधून धावणारे, 'उंचीवरचा सराव करतोय' म्हणणारे, त्यांनाही सांगते. त्याने श्वास घ्यायचे कष्ट वाढतात, पण हवेचा दाब उंचीवरच्यासारखा कमी होत नाही. शिवाय दोन्ही कानांत गाणी लावून धावणं मला मनापासून खटकतं. स्वतःचा श्वास ऐकू येत नसेल, तर तो बिघडला हे कळणार कशावरून?

असो. उंचीचा विषय निघालाच आहे, तर आता उंच डोंगरावरची एक रात्र सांगते.

आधी एवढंच लक्षात घ्या, की उंचावरच्या हवेतही प्राणवायू तितकाच असतो, शंभरात जवळजवळ २१ भाग. कमी होतो तो हवेचा दाब. ५५०० मीटरवर दाब जवळपास निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर तर एक तृतीयांशच उरतो. श्वास तोच, पण प्रत्येक श्वासात हाती लागणारा प्राणवायू कमी.

डोंगराचं नाव सांगत नाही, कारण ती रात्र कुठल्याही उंच डोंगरावर तशीच झाली असती. आम्ही सात जण. ४५०० मीटरवर तंबू ठोकलेले. वाट दाखवायला ज्या बाई होत्या, त्या पन्नाशीच्या पुढच्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. गटात एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. आणि एक तेवीस वर्षांचा पोरगा, लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारा, आमच्यात सगळ्यांत दमदार. तीन दिवस तो सगळ्यांच्या पुढे. आम्ही धापा टाकत वळणावर पोचायचो तेव्हा हा पाठपिशवी उतरवून, दगडावर बसून आमची वाट बघत असायचा. वर येताना हवा बिघडेल म्हणून आम्ही मधला एक मुक्काम गाळला होता. ताईंची इच्छा नव्हती, आम्हीच आग्रह धरला, आणि त्यात मीही होते. ती आमची चूक होती.

रात्री मोठ्या तंबूत सगळे दाटीवाटीने बसलो होतो. सरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ७१. तंबूत एकदम शांतता. सरांचा चेहरा उतरला, श्वास भराभर चालू झाला. आम्ही सगळे त्यांच्याभोवती. कुणी म्हणालं, झोपवा. कुणी म्हणालं, बसवा. ताईंनी विचारलं, "सर, हातमोजे केव्हा काढलेत?"

"आत्ताच."

बोटं पांढरीफटक पडली होती. हे यंत्र बोटातून प्रकाश पाठवून रक्ताचा रंग ओळखतं. बोट गारठलं की रक्त तिथे पुरेसं येत नाही, आणि आकडा चुकतो. ताईंनी सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, काखेत घेतला. म्हणाल्या, "आता बोलायचं नाही. ओठांचा चंबू करा आणि फुंकर घाला. गरम काहीतरी निववताना घालतो तशी. सगळी हवा जाऊ द्या, सगळी. मग आत येईल ती आपोआप येऊ द्या." पाच मिनिटं तंबूत फक्त सरांची फुंकर ऐकू येत होती. पुन्हा यंत्र लावलं. ८४. त्या उंचीला ठीक. सर हसले, आम्हीही हसलो.

आणि आम्ही पाच जण त्या आकड्याकडे बघत असताना ताईंचं लक्ष मात्र दाराकडे गेलं होतं. दाराशी तो पोरगा बुटाची नाडी बांधत बसला होता. एक फास केला, बोटात धरला, दुसरा करायला घेतला आणि हात थांबला. फासाकडे नुसता बघत राहिला. मग सोडला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबला. ताई म्हणाल्या, "काय रे, जेवलास का?" तो थोड्या वेळाने म्हणाला, "हो." ताट त्याच्या शेजारी भरलेलं होतं.

ताई त्याला बाहेर घेऊन गेल्या. बुटाच्या टाचेने जमिनीवर एक रेघ ओढली, त्यावर विजेरी धरली. "या रेघेवर चालून दाखव. टाचेला पंजा लावत." तिसऱ्या पावलाला तो रेघ सोडून गेला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तीन दिवस शेळीसारखा दगडांवरून उड्या मारत आलेला पोरगा! म्हणतो कसा, "मी बरा आहे ताई, जरा दमलोय." त्याच्या बोटाला यंत्र लावलं, बोटं गरम होती. आकडा ८२.

ऐकलंत ना? सरांचा ८४, याचा ८२. दोन आकड्यांचा फरक. सर बरे होते आणि याच्या मेंदूला सूज यायला लागली होती. उंचीवर तोल जाणं, साधं काम न जमणं, गप्प होणं ही त्या सुजेची लक्षणं. यंत्राने ते सांगितलं नाही, बुटाच्या नाडीने सांगितलं.

ताई म्हणाल्या, "उतरायचं." आमच्यातल्या एकाने विचारलं, "सकाळी?" "आत्ता."

गटाकडे प्राणवायूचा एक लहान सिलिंडर होता, तो त्याला लावला. पण तो लावून थांबलो नाही. सिलिंडर वेळ मिळवून देतो, उपाय खाली उतरण्यात असतो. ताई, मी आणि आणखी एक जण त्याला दोन्ही बाजूंनी धरून निघालो. बाकीचे सरांपाशी थांबले. चांदणं होतं, वाट पायाखालची होती, म्हणून जमलं. पोरगा तासभर एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "आपण कुठे चाललोय?" ताईंनी सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा बोलला, "पण आपण उतरतोय कशाला? सरांना काय झालंय?" तेव्हा ताई पहिल्यांदा थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता कारण विचारतोय. डोकं चालायला लागलं."

पहाटेपर्यंत आम्ही ७०० मीटर खाली आलो होतो. डॉक्टरांकडे जायला गाडीची वाट बघत पायरीवर बसलो होतो. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. तो वाकला, एका दमात बांधली, आणि दूर कुठेतरी बघत राहिला. आपण काही विशेष केलं, हे त्याला कळलंही नाही. माझ्या डोळ्यांसमोर आजही ती गाठ येते. पोरगा पूर्ण बरा झाला, अजूनही धावतो.

धापा टाकणाऱ्या सरांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, गप्प बसलेल्याकडे कुणाचं जाईना. धाप लागलेला माणूस दिसतो, ऐकू येतो. प्राणवायू कमी पडलेला माणूस बऱ्याचदा गप्प होतो, आणि स्वतः म्हणतो, मी बरा आहे. म्हणून बरोबरच्या माणसाने बघायचं. आणि दमदार माणसाला उंची लागत नाही हा समज सोडून द्या. उलट दमदार माणूस भराभर चढतो, म्हणून जास्त जपायला हवं.

माझा बराच वेळ गोष्टीतच गेला, आता उरलेलं भराभर सांगते. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकं दुखत असेल तर आणखी वर जाऊन झोपू नका. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तोल जात असेल, तर उतरा. रात्री असेल तरी उतरा.

सपाटीवर धावणाऱ्यांनी श्वास पावलांना बांधावा. तीन पावलं आत, दोन पावलं बाहेर, हा मेळ बऱ्याच जणांना जमतो. नाकाने की तोंडाने? सावकाश असाल तर नाकाने, हवा गरम आणि ओलसर होऊन आत जाते. जोर वाढला की तोंड आपोआप उघडतं, उघडू द्या. त्यात काही कमीपणा नाही. थंड, कोरड्या हवेत छाती घट्ट होत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पुरेसा सराव करूनही दम टिकत नसेल, तर एकदा हिमोग्लोबिन तपासा. प्राणवायू वाहून नेणारं तेच. बायकांनो, तुम्हाला विशेष सांगते, 'मला जमत नाही' म्हणून सोडून देण्याआधी तपासा.

पोहणाऱ्यांसाठी एकच. पाण्याखाली जायच्या आधी भराभर श्वास घेऊन छाती भरायची, हे कधीही करू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते, आणि त्याआधीच पाण्यात शुद्ध हरपू शकते.

उद्या सकाळी कुणाबरोबर धावायला निघाल, तेव्हा वाटेत त्याला काहीतरी विचारा. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर वेग बरोबर आहे. तुटक आलं तर दोघेही दम खा, आधी सोडा, मग घ्या. आणि उत्तरच आलं नाही, तर थांबा आणि त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा.

नमस्कार.