नारिंगी खालून वर येतो

(अकोट तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, समोर बसलेल्या माझ्या बहिणी आणि मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले तमाम पोट्टे,

पत्रिकेवर विषय छापलाय: युद्धखेळातल्या शिपायांवर नारिंगी रंगाचे थर. युद्धखेळ म्हणजे टेबलावर छोट्या शिपायांनी जुनी लढाई पुन्हा खेळणं. तो मी सांगणार आहे. कोणता हात आधी आणि कोणता नंतर, हे सगळं क्रमाने सांगणार आहे, वही आणली असेल तर उघडून ठेवा. नऊला लाइन जाते हे अध्यक्षांनी आल्या आल्या बजावलंय, म्हणून पट्टीने चाल कशी मोजायची, फासा कोणी टाकायचा, हे आज पुन्हा सांगत नाही. मागच्या हिवाळ्यात आपण याच टेबलावर गाविलगडचा किल्ला लढवला, तेव्हा ते झालंय. आज फक्त रंग.

हे शिपाई हातोहात मागे जाऊ द्या. 28 मिलिमीटरचे आहेत. भाल्याला धरू नका, पायाखालच्या चकतीला धरा. पिवळ्या फेट्याचा घोडेस्वार अजून पूर्ण वाळलेला नाही, तो माझ्याजवळच राहू द्या.

टेबलावर मांडलंय ते अडगाव. आपलं अडगाव बुद्रुक, तेल्हारा तालुक्यातलं. 29 नोव्हेंबर 1803. एकीकडे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे सेनापती वेलस्ली आणि स्टीव्हन्सन, दुसरीकडे नागपूरकर भोसल्यांची फौज, तिचे सेनापती रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी म्हणजे मन्याबापू, आणि बाजूला शिंद्यांचे घोडेस्वार. लढाई कलत्या दुपारी सुरू झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला. सिरसोलीपाशी आपल्या तोफा वाजल्या, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत पाय रोवून उभे राहिलेले कंपनीचे शिपाई पळाले. पळाले म्हणजे रांगा मोडून पळाले. वेलस्लीला स्वतः घोडा घालून त्यांना वळवावं लागलं. तोच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला, 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. अडगाव आपण हरलो. मग 15 डिसेंबरला गाविलगड गेला, 17 ला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड हातातून सुटलं. ज्या जमिनीत आज आपण कपाशी वेचतो तिच्यावर हे घडलंय, आणि त्याचे शिपाई आपल्या पोरांनी रंगवले पाहिजेत, नीट रंगवले पाहिजेत, एवढ्यासाठी मी आले.

आता माझं दुखणं सांगते, थोडं लांबेल.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक प्रदर्शन भरलं होतं. कोणाचं ते सोडा. मी हीच लढाई नेली होती. शेजारच्या टेबलावर वॉटर्लू होतं, फार सुंदर काम. परीक्षक आले, त्या टेबलावर भिंग काढलं, कोणत्या पलटणीची कॉलर कोणत्या छटेची ते एकेक पाहिलं. माझ्याकडे आले तर भिंग खिशात. अडगावच्या इंग्रजांकडे बघून म्हणाले, 74 वी पलटण ना, गळपट्टी पांढरी, बरोबर. 78 वी ना, फिकट बदामी, बरोबर. मग आपल्या फौजेकडे नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, ताई, भगवा उठत नाही. भडक पाहिजे होता. सगळ्यांना एकच मारायचा.

एकच मारायचा! इंग्रजाच्या मनगटाची दोन मिलिमीटरची पट्टी नेमकी पाहिजे, आणि आपल्या फौजेला एक बाटली पुरे? मंडळी, भोसल्यांच्या त्या फौजेत अरब होते, 74 आणि 78 व्या पलटणीवर चालून जाऊन कापले गेले ते अरब. पायदळ होतं, गोलंदाज होते, घोडेस्वार होते. त्या काळच्या फौजांतून गोसावी लढत, त्यांचं वस्त्र गेरूचं. सरकारी कोठारातून सगळ्यांना एकाच थानाचं कापड मिळालं असं नव्हतं. कोणाचा फेटा नवा, कोणाचा चार पावसाळे खाल्लेला, कोणाचा घामाने काळवंडलेला, निशाण तर वर्षभर उन्हात फडकलेलं. आज वाऱ्यावर लावतात ती पॉलिस्टरची चमकती कापडं बघून आपण 1803 चा झेंडा रंगवतो, हे मला सहन होत नाही. त्या माणसांना एकाच रंगात बुडवणं म्हणजे त्यांना चेहरे न देणं. मला बक्षिसाचं काही नाही. मला त्या गोलंदाजाचं वाईट वाटलं, कारण त्याच्या शेल्यावर मी मावळत्या उन्हाची बाजू वेगळी केली होती आणि ती कोणी पाहिली नाही.

नारिंगी असा वरून मारायचा रंगच नाही, हे मला शिकवलं आमच्या रंगारी आबाजींनी. ज्यांनी त्यांना पाहिलंय ते आता हसतायत, हसा. आमचं रंगाचं दुकान. तान्ह्या पोळ्याच्या आधी पंधरा दिवस आबाजी लाकडी नंदीबैल घेऊन दुकानाच्या ओट्यावर बसायचे, कारण रंग घ्यायला वारंवार घरून यायला नको. खोंड कोरलेला सुताराकडचा, रंग आबाजींचा. शिंगं नारिंगी. मी सहावी-सातवीत असेन. मी पाहायची, तर ते शिंगाला आधी खडूचा पांढरा हात द्यायचे, तो वाळला की रामरज, म्हणजे पिवळी माती, सरसात कालवून. तीही वाळू द्यायची. मग नारिंगी, आणि तो इतका पातळ की पहिल्या हाताला खालचं पिवळं सरळ दिसायचं. मला वाटायचं, घट्ट लावला तर एका हातात काम होईल, दुकानात गिऱ्हाईक तर असंच मागतं. मी तसं बोलून दाखवलं. आबाजींनी वर न बघता सांगितलं, "वरून नाई देत वं पोरी. खालून आला पायजे थो."

मग त्यांनी मला दोन शिंगं रंगवून दाखवली. एका शिंगाला कोऱ्या लाकडावर घट्ट नारिंगी, दुसऱ्याला त्यांच्या पद्धतीने. दोन्ही ओट्यावर उन्हात ठेवली. घट्ट लावलेलं शिंग वाळल्यावर लाकडासारखंच तपकिरी दिसायला लागलं, कडेला रंगाचे ओघळ, मध्ये पट्टे. दुसरं शिंग बुडाशी गडद, टोकाशी उजळ, आणि मधला भाग आतून पेटल्यासारखा. टोकाला त्यांनी नारिंगीत थोडी रामरजच मिसळली होती. पांढरा नाही. पांढरा का नाही, विचारलं तर म्हणाले, "पांढऱ्यानं थो आजारी दिसते."

ते अगदी खरं आहे आणि त्याचं कारणही आहे. नारिंगीत पांढरा घातला की तो उजळत नाही, गुलाबीसर होतो, फिका पडतो. काळा घातला की सावली होत नाही, तपकिरी चिखल होतो, कारण तपकिरी म्हणजे अंधारातला नारिंगीच. आणि तो झाकत का नाही? बाटलीतल्या बहुतेक पिवळ्या-नारिंगी रंगांची भुकटी पारदर्शक असते, प्रकाश तिच्यातून खाली जातो आणि खाली जे असेल ते घेऊन परत येतो. खाली काळं असेल तर काळं आणेल. कॅडमियमचा नारिंगी चांगला झाकतो, पण महाग आहे आणि विषारी आहे. शेंदूरही झाकतो, पण जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचा. पोट्टेहो, ब्रशचं टोक ओठात घेऊन करायची सवय असेल तर आजपासून मोडा. जुने शिपाईदेखील शिशाच्या मिश्रणाचे असत. ब्रशचं टोक पाण्यात आणि फडक्यावर करा.

हे बघा, एक संत्रा आणलाय, आंबिया बहाराचा, इथल्याच बगीच्यातला. ट्यूबलाइटकडे धरते. उजेडाची बाजू पिवळी आहे, पांढरी नाही. एवढा एक ठिपका पांढरट, तो सालीच्या तेलाचा. सावलीची बाजू काळी आहे का? लालसर मातकट आहे. आणि खाली माझ्या निळ्या पदराजवळ बघा, तिथे तो मातकटपणा करडा झालाय. एवढं पाहिलं की अर्धं काम झालं. बाकी अर्धं हाताचं.

निळ्यावरून आठवलं. वॉटर्लूला वेलिंग्टनच्या बाजूने डच मिलिशिया होती, निळा कोट, नारिंगी कॉलर. तिथे कॉलरला साधा, जरा मळका नारिंगी लावला तरी तो उठतो, कारण निळ्याशेजारी नारिंगी आपोआप तापतो. आपल्या माणसाच्या अंगावर पांढरं नाहीतर मातकट कापड. तिथे तोच रंग विझतो. म्हणून विलायती पुस्तकातली कृती जशीच्या तशी आपल्या फौजेला चालत नाही. यावर मी आणखी तासभर

(येथे अध्यक्षांची चिठ्ठी आली.)

बरं. वीस मिनिटं उरलीत म्हणतात, दहा माझी. घ्या लिहून, भरभर सांगते.

मिश्रण. शाळेच्या पेटीतले रंग चालतात, ॲक्रिलिक घ्या. पिवळा क्रोम यलो, लाल स्कार्लेट नाहीतर व्हर्मिलियन. लेमन यलो आणि क्रिमसन ही जोडी घेऊ नका. एक हिरव्याकडे झुकतो, दुसरा जांभळ्याकडे, दोघं मिळून नारिंगी मळवतात. पिवळ्यात लाल घालायचा, टोकाटोकाने. लालात पिवळा घालत बसलात तर बाटली संपेल आणि रंग लालच राहील.

पहिला हात प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा थर, पांढरा किंवा फिका राखाडी. काळा प्रायमर निदान नारिंगीखाली नको. दुसरा हात अस्तर, यलो ओकरमध्ये पांढरा, हीच आबाजींची रामरज. जुना, लालसर फेटा पाहिजे असेल तर ओकरऐवजी गुलाबी अस्तर. तिसरा हात नारिंगी, दुधाइतका पातळ, निदान दोनदा, मध्ये पूर्ण वाळवून. अर्धवट ओल्यावर ब्रश फिरवलात तर खालचा सुटून येतो. चौथा सावलीचा: नारिंगीत बर्न्ट सायना, म्हणजे लालसर तपकिरी, फेट्याच्या पिळांमध्ये, शेल्याच्या घड्यांमध्ये. अगदी खोल घडीत सायनात अल्ट्रामरीनचा, म्हणजे गडद निळ्याचा, एक कण. पाचवा उजेडाचा: नारिंगीत क्रोम यलो, पिळाच्या वरच्या कडेवर. शेवटच्या रेघेला पिवळ्यात जरासा माणसाच्या त्वचेचा रंग. पांढरा नाही, हे तिसऱ्यांदा सांगते. आणि या सगळ्यावरून शेवटी पाण्यासारखा पातळ नारिंगी एकदा फिरवा. सावली आणि उजेड त्याने एकमेकांना धरतात.

छोट्या वस्तूवर रंग खऱ्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून सगळंच अर्धी छटा उजळ ठेवा. टेबल तीन फुटांवरून बघायचं असतं.

मे महिन्यात रंगवत असाल तर रंग ब्रशवरच वाळतो. स्टीलच्या डब्यात ओला फडका घाला, वर बटर पेपर, त्यावर रंग कालवा. संध्याकाळपर्यंत ओला राहतो. कूलरच्या झोतात बसू नका, धूळ सरळ फेट्यावर बसते.

आता माझा मुद्दा, ज्यासाठी आले तो. एका तुकडीत वीस शिपाई असतील तर मूळ नारिंगी एकदाच कालवा, पण त्याचे चार भाग करा. एक तसाच. एकात ओकर, हा उन्हाने उडालेला. एकात सायना, हा गेरूचा. एकात निळ्याचा कण, हा घामाने, धुळीने विझलेला. वीस शिपायांत हे चारही मिसळून वाटा, शेजारीशेजारी एकच येऊ देऊ नका. निशाण सगळ्यांत शेवटी, आणि ते तुकडीतल्या सर्वांत उजळ फेट्यापेक्षा थोडं फिकं असू द्या, कारण उन्हात सगळ्यात जास्त तेच राहिलेलं. मग लांबून बघा. फौज एकच दिसेल आणि माणसं वेगळी दिसतील. इंग्रजाची पलटण एकसारखी असण्यातच तिचा डौल आहे, तशीच रंगवा. आपल्या फौजेचा डौल या सरमिसळीत आहे, आणि तो दाखवायला लागणारी मेहनत भिंग लावून करण्याच्या लायकीची आहे.

वार्निश मॅट. चकचकीत वार्निश लावलं तर वरचे सगळे हात फुकट.

लाइन आहे तोवर टेबलापाशी या. अरबांची तुकडी डावीकडे आहे, चारही छटा तिच्यामागच्या पायदळात दिसतील. ज्यांना शिपाई रंगवून पाहायचाय त्यांच्यासाठी प्रायमर मारलेले डब्यात ठेवलेत, नाव लिहून घेऊन जा. पोळ्यापर्यंत परत आणा, पोळ्यानंतर आपण हीच लढाई तुमच्या रंगवलेल्या फौजेने खेळू.