जंतुसंसर्ग झालेलं तान्हं बाळ आणि झिंक

श्रोतेहो, नमस्कार.

जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएसबरोबर झिंकची गोळी द्यायची, हे आशाताईंमुळे आता गावोगावी माहीत झालं आहे. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे १० मिलिग्रॅम, आईच्या काढलेल्या दुधात विरघळवून द्यायची. सहा महिन्यांपुढे पूर्ण गोळी, २० मिलिग्रॅम. दोन्हीकडे १४ दिवस. पण जुलाबावरच्या या सरकारी कार्यक्रमात झिंक सुरू होतं ते बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर. त्याहून लहान बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, म्हणजे ज्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात तो झाला, तर अँटिबायोटिकच्या जोडीला झिंक द्यावं का, या प्रश्नावर भारतात महत्त्वाचं काम झालं आहे. आजचं बोलणं त्याविषयी.

झिंक, म्हणजे जस्त, शरीरातल्या तीनशेहून जास्त एन्झाइम्सना लागतं. जिथे पेशी भराभर वाढतात तिथे त्याची उणीव आधी जाणवते: आतड्याचं अस्तर, त्वचा आणि रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, तयार करणारी थायमस ग्रंथी थायम्युलिन नावाचं संप्रेरक सोडते, ते जस्ताशिवाय निष्क्रिय राहतं. आईकडून बाळाकडे जस्त जातं ते मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ हा साठा अर्धवट घेऊनच येतं, आणि संसर्गाचा धोकाही त्यालाच जास्त. बाळंतपणानंतरच्या पहिल्या चिकात जस्त भरपूर असतं, पुढे दुधातलं प्रमाण महिन्यागणिक उतरत जातं. चीक काढून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गुटी चाटवायची, या रिवाजाने बाळ दोन्हीकडून मार खातं: हक्काचं जस्त जातं आणि जंतू आत येतात.

आता थोडी गुंतागुंतीची गोष्ट सांगतो, कारण औषधाचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. संसर्ग झाला की काही तासांतच रक्तातलं जस्त खाली येतं. ते सगळं शरीराबाहेर गेलेलं नसतं. इंटरल्युकिन-६ या रासायनिक संदेशामुळे यकृताच्या पेशी जस्त आत ओढून घेतात आणि धरून ठेवतात. शिवाय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कॅल्प्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सोडतात. ते जस्त आणि मँगनीज घट्ट पकडून ठेवतं, कारण जंतूंनाही वाढायला हे धातू हवे असतात. जंतूंची अशी उपासमार करणं हा शरीराच्या बचावाचाच भाग आहे. त्यामुळे रक्तात जस्त कमी दिसलं म्हणजे बाळात जस्ताची कमतरता आहेच, असं म्हणता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पेशींच्या आत पुरेसं जस्त असेल तर एनएफ-कप्पा-बी या दाह पेटवणाऱ्या यंत्रणेला लगाम बसतो आणि दाह हाताबाहेर जात नाही. सेप्सिसमध्ये बाळं पुष्कळदा या बेफाम दाहानेच दगावतात. मुळात साठाच अपुरा असेल, तर बचाव आणि लगाम दोन्ही कमी पडतात. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर तर्काने मिळणारं नव्हतं, बाळांवर काळजीपूर्वक चाचणी करूनच ते मिळणार होतं.

अशी मोठी चाचणी दिल्लीच्या रुग्णालयांत झाली, आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गंभीर जिवाणूसंसर्गाची दाट शक्यता असलेली, ७ ते १२० दिवसांची ७०० बाळं तिच्यात होती. सगळ्यांना नेहमीची अँटिबायोटिक्स. त्यांपैकी ३५२ बाळांना रोज १० मिलिग्रॅम झिंक, उरलेल्या ३४८ ना तसंच दिसणारं पण झिंक नसलेलं औषध. सात दिवसांच्या आत अँटिबायोटिक बदलावं लागलं, किंवा एकवीस दिवसांच्या आत कधीही अतिदक्षता विभागात हलवावं लागलं अथवा बाळ दगावलं, तर उपचार फसला असं धरलं. काही बाळांचा निकाल ठरवता आला नाही. ज्यांचा आला त्यांच्यापैकी झिंक न मिळालेल्या ३२३ बाळांत ५५ जणांचा उपचार फसला, झिंक मिळालेल्या ३३२ बाळांत ३४ जणांचा. शेकड्यात सांगायचं तर सतरा आणि दहा. साधारण पंधरा बाळांना झिंक दिलं की एका बाळाचा उपचार फसायचा वाचतो. मृत्यू १७ विरुद्ध १० होते. फरक आशादायक आहे, पण एवढ्या संख्येवरून तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. याच कारणाने पुढे भारत आणि नेपाळमध्ये मिळून ३ ते ५९ दिवसांच्या चार हजारांहून जास्त बाळांवर चाचणी आखली गेली.

पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेतल्या चाचण्या आकाराने लहान, पण नवजात बाळांपुरत्या होत्या. तिथे मात्रा दिल्लीपेक्षा जास्त होती: वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. त्यांनी कॅल्प्रोटेक्टिन आणि दाहाचे संदेश रक्तात मोजले. झिंक मिळालेल्या बाळांत ते उतरलेले दिसले, आणि मृत्यूही कमी नोंदले गेले. नेपाळमधल्या एका चाचणीत मात्र किलोमागे दिवसाला फक्त १ मिलिग्रॅम दिलं होतं, आणि काहीच फरक पडला नाही. मला यातून मात्रेचा मुद्दा सर्वात मोलाचा वाटतो. अडीच किलोच्या बाळाला एकीकडे दिवसाला अडीच मिलिग्रॅम, एकीकडे दहा आणि एकीकडे पंधरा मिळत होते. ‘झिंक दिलं’ या दोन शब्दांत हे तिन्ही येतात, म्हणून कुणी झिंकचा अनुभव सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: किती?

आणि ‘किती’ मध्येच चुका होतात. मात्रा मोजायची ती मूळ जस्ताची, क्षाराची नाही. झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये जस्त सुमारे ३६ टक्के असतं, म्हणजे ५५ मिलिग्रॅम सल्फेटमध्ये २० मिलिग्रॅम जस्त. ग्लुकोनेटमध्ये ते जेमतेम १४ टक्के. दुसरी अडचण बाटलीची. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, तर दुसऱ्यात तेवढ्यालाच २० मिलिग्रॅम असतं. अडीच किलोच्या बाळाला एका वेळी साडेसात मिलिग्रॅम लिहून दिलं असेल, तर पहिल्या बाटलीतून पावणेचार मिलिलिटर काढावं लागेल आणि दुसरीतून दोनला थोडं कमी. दुकानदाराने बाटली बदलून दिली आणि घरी चमचा तोच राहिला, तर बाळाला दुप्पट किंवा निम्मं औषध जातं. परिचारिका भगिनींना माझी विनंती: केसपेपरवर ‘झिंक २ मिलि’ एवढंच लिहू नका, मिलिग्रॅमही लिहा. आणि घरी मोजायला चमच्याऐवजी सुई नसलेली सिरिंज द्या.

झिंक तोंडाने द्यायचं असल्यामुळे बाळाचं पोट ते घेण्याच्या स्थितीत हवं. पोट फुगलेलं आहे, हिरवी उलटी होते आहे, दूध थांबवलं आहे, अशा वेळी आधी अँटिबायोटिक, सलाइन, ऑक्सिजन आणि ऊब. दूध सुरू झालं की मगच झिंक, काढलेल्या आईच्या दुधातून, ओढता येत नसेल तर नळीवाटे. रिकाम्या पोटी जस्त जठराला चावतं आणि बाळ उलटी करतं. लोहाचे थेंब चालू असतील तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, कारण आतड्यात ते एकमेकांच्या आड येतात. महिनोन्‌महिने जास्त झिंक दिलं तर तांबं शोषलं जात नाही, मग रक्त कमी होतं आणि ज्या न्यूट्रोफिल वाढाव्यात म्हणून धडपड केली, त्याच घटतात.

रक्तातलं जस्त तपासण्याबद्दल प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी दोन शब्द. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त नमुन्यात उतरतं, म्हणून सूक्ष्म धातूंसाठीची खास नळी हवी. लाल पेशींमध्ये सीरमच्या, म्हणजे गोठलेल्या रक्तापासून वेगळ्या होणाऱ्या पाण्याच्या, कितीतरी पट जस्त असतं, तेव्हा टाचेतून दाबून काढलेलं, फुटलेलं रक्त खोटाच मोठा आकडा दाखवतं. नमुना तासन्‌तास तसाच ठेवू नका, सीरम लवकर वेगळं करा. आणि आकडा दाह दाखवणाऱ्या सीआरपी तपासणीबरोबरच वाचा, दाह असताना तो खाली असणारच.

आता आई-आजींसाठी. झिंक घरी सुरू करून वाट बघायची, असं दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत कधीच नाही. जीव वाचवतं ते वेळेवर मिळालेलं अँटिबायोटिक. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आजारी नवजात ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात-मृत्यू निम्म्याहून खाली आले. हे काम १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आजारी तान्ह्याची लक्षणं तुम्हीही ओळखू शकता. बाळ दूध ओढेनासं होतं किंवा ओढण्याची ताकद कमी होते. मलूल पडतं, हलवल्याशिवाय हालत नाही. झटके येतात. श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त होतात. ते पूर्ण मिनिटभर मोजा, आणि जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो. छातीखालचा भाग खोल आत ओढला जातो. काखेतला ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर जातो, नाहीतर ३५.५ च्या खाली अंग गार पडतं. यांतलं एक जरी दिसलं तरी १०२ किंवा १०८ ला फोन करा. जाताना बाळ आईच्या छातीला त्वचेला त्वचा लावून धरा, डोक्याला टोपी, वरून चादर, आणि ओढत असेल तर वाटेत पाजत राहा.

विशेष नवजात कक्षातून घरी सोडताना झिंक लिहून दिलं असेल, तर तिथेच तीन गोष्टी विचारून घ्या: एका वेळी किती मिलिग्रॅम, या बाटलीतून ते किती मिलिलिटर, आणि बंद कोणत्या तारखेला. ती तारीख बाटलीवरच पेनाने लिहून ठेवा. आशाताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाटली आणि सिरिंज दोन्ही त्यांना दाखवा. उरलेलं औषध शेजारच्या बाळाला देऊ नका.

नमस्कार.