आधी हंडा फुटला

हे भांडं नीट बघा. चुलीवर चढवायचा, गोल बुडाचा हंडा. जुन्या चिनी भाषेत याला ‘फू’ म्हणतात. त्यावर मातीचं दुसरं भांडं बसायचं, बुडाला भोकं असलेलं, आपल्या मोदकपात्राच्या चाळणीसारखं. खाली पाणी उकळायचं, वर धान्य वाफेवर शिजायचं. अख्ख्या फौजेचं पोट या जोडीवर चालायचं.

आणि एके दिवशी सेनापतीचा हुकूम सुटला, भांडी फोडा.

‘फो फू छन चौ’. हंडे फोडा, नावा बुडवा. चार अक्षरांचा चिनी वाक्प्रचार. आपण ‘परतीचे दोर कापले’ म्हणतो, तोच भाव.

इसवी सनपूर्व 207. छिन साम्राज्याच्या फौजेने च्युलू शहराला वेढा घातला होता. आज हा मुलूख हबेई प्रांतात येतो. वेढा फोडायला निघालेलं छू राज्याचं सैन्य वाटेतच थांबलं, तब्बल 46 दिवस. थंडी, पाऊस, अर्धपोटी शिपाई, आणि सेनापती सोंग यी मेजवानी झोडत होता. दुय्यम सेनापती शियांग यू याने त्याला तंबूतच ठार केलं, फौज ताब्यात घेतली आणि नदी ओलांडली. मग नावा बुडवल्या, हंडे फोडले, राहुट्या जाळल्या. जवळ राहिली 3 दिवसांची शिदोरी.

नावा बुडवल्या की माघार संपली, हे कुणालाही कळतं. मला हलवून जातो तो हंडा. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शिपायासमोर त्याचंच भांडं फुटतं. आता चौथ्या दिवशी जेवायचं, तर शत्रूच्या चुलीवर! इतिहासकार सिमा छियान याने आधी नावा लिहिल्या, मग भांडी. लोकांच्या तोंडी क्रम उलटला, हंडा पुढे आला. लोकांनी मर्म बरोबर पकडलं.

9 लढाया झाल्या. मदतीला आलेले इतर राज्यांचे सेनापती आपापल्या तटांवरून नुसते बघत राहिले. ‘तटावरून बघणं’ हाही पुढे चिनी वाक्प्रचार झाला. छू जिंकल्यावर तेच सेनापती शियांग यूसमोर गुडघ्यांवर रांगत आले. मान वर करायची कुणाची छाती झाली नाही.

इसवी सनपूर्व 202. पुढच्या सत्तासंघर्षात हान राज्याच्या फौजेकडून सगळं हरलेला शियांग यू वूच्यांगच्या नदीकाठी पोहोचला. तिथे एक नाव तयार होती. नावाडी विनवत होता, लवकर चढा, पलीकडे तुमचाच मुलूख आहे. शियांग यूने आपला लाडका घोडा नावाड्याच्या हवाली केला, आणि पायीच शत्रूकडे वळला.