वाटी घेऊन मागे धावताना

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी साडेसात वाजता रामबागेतल्या आमच्या घरात रोज एक मिरवणूक निघायची. पुढे वीस महिन्यांचा नातू, त्याच्या मागे वाटी घेतलेली सून, तिच्या मागे खुळखुळा वाजवणारी मी आणि शेवटी मोबाइल उंच धरलेले आजोबा. ओटी, जिना, गच्ची, परत ओटी. वाटीत मऊ भात, वरण, तूप. एक घास काऊचा, एक चिऊचा, तिसरा भिंतीवर. पाऊण तासाने भात गार झालेला, सून रडवेली. मग आजोबा म्हणायचे, "जाऊ द्या गं, उपाशी झोपेल बिचारा," आणि शेवेचा डबा उघडायचे. इंदुरातल्या घरात तो डबा कधी लांब नसतोच.

मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. किती आयांना शहाणपण शिकवलं असेल! घरात मात्र खुळखुळा माझ्याच हातात होता. तेव्हा आजचं बोलणं जरा ओशाळूनच.

आधी थोडा हिशेब मांडू. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो साधारण तिप्पट होतं, म्हणजे नऊ किलोच्या आसपास. महिन्याला सरासरी अर्धा किलो. पुढच्या अख्ख्या वर्षात ते वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो, म्हणजे महिन्याला 200 ग्रॅमच्या आसपास. वाढच मंदावली, तर अंगाच्या मानाने भूक तरी तेवढी कशी राहणार? आपल्या डोळ्यांपुढे मात्र दहाव्या महिन्यात चाटूनपुसून संपवलेली वाटी असते. "तेव्हा किती छान खायचा हो!" खायचा, कारण तेव्हा त्याला ते लागत होतं.

दुसरी गोष्ट दुधाची. सून म्हणे, दिवसभर काही खात नाही. मी बाटल्या मोजल्या. उठल्यावर एक, दुपारी झोपताना एक, रात्री एक, प्रत्येकी 250 मिलिलिटर. पाऊण लिटर दूध पोटात असल्यावर भाताला जागा कुठून यायची? वर्ष झाल्यावर दिवसाला 400 ते 500 मिलिलिटर दूध पुरतं. दुधात लोह अगदी थोडं असतं, म्हणून दुधावरच वाढणारं गुटगुटीत मूलही रक्ताने कमी निघू शकतं. आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. आम्ही बाटली बंद केली, पेला दिला, तोही जेवणानंतर. पहिले तीन दिवस काय झालं ते शेजाऱ्यांना विचारा.

तिसरी गोष्ट भीतीची. मूल चालायला लागलं की नवं दिसेल ते तोंडात घालायचं नाही, अशी एक धास्ती त्याच्यात जागी होते. दोन वर्षांच्या आगेमागे तिचा जोर वाढतो. अंगणात एकट्याने फिरणाऱ्या जिवाला ती उपयोगाचीच, पण आपल्या लाल भोपळ्याची पंचाईत होते. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठे मूल त्याला आपला म्हणतं. आपण तिसऱ्या वेळी जाहीर करून टाकतो, "आमच्याकडे भोपळा चालत नाही." तेही त्याच्या देखत! ताटात एक फोड ठेवायची आणि गप्प बसायचं. हाताळली, चाटली, फेकली, तरी ती वेळ धरायची.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाई होत्या. 1920च्या दशकात त्यांनी नुकती अंगावरून सुटलेली बाळं घेतली, पुढे ती 15 झाली. त्यांच्यासाठी 34 साधे पदार्थ ठरवले आणि समोर जे येईल त्यातलं बाळाने स्वतः निवडायचं, अशी मोकळीक दिली. नर्सने आग्रह करायचा नाही, कौतुकही करायचं नाही. एखाद्या बाळाने न्याहारीला संत्र्याचा रस आणि कलेजी खावी, असले प्रकार! 1939 साली त्यांनी निष्कर्ष मांडले, मुलं चांगली धडधाकट वाढली होती. पण यातली गोम विसरू नका. त्या 34 पदार्थांत साखर नव्हती, तळलेलं नव्हतं. शेव तर नव्हतीच. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते बाळाने.

म्हणून आता आमच्याकडे तो आमच्याबरोबर पाटावर बसतो. दोन-दोन चमचेच वाढतो, भरलेलं ताट बघूनच मूल बिथरतं. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, चेहरा न पाडता. पुढचं खाणं दोन-तीन तासांनी, मधे बिस्किटही नाही. वेगळा स्वयंपाक करायचा नाही, मात्र ताटात त्याच्या ओळखीचं एक तरी काही हवं. आपल्या इंदुरी खाण्यातलंही पुष्कळ चालतं. दुधात शिजवलेला मक्याचा कीस बिनमिरचीचा करा. पोहे मऊ भिजवा, वर जीरावन, म्हणजे आपला तो तिखट मसाला, नको आणि शेंगदाणे काढून टाका. अख्खा शेंगदाणा किंवा अख्खं द्राक्ष घशात अडकतं. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत ही जोखीम घेऊ नका.

हे सगळं जमेल. खरी अडचण येते ती माणसांची. दारात पाऊल टाकताच पाहुणी म्हणते, "अगंबाई, किती वाळला हो!" त्या एका वाक्याने सून आठवडाभर वाटी घेऊन धावते. सासवांनो, मीही तुमच्यातलीच, म्हणून सांगते. त्या वेळी सुनेच्या बाजूने बोलायला आपणच हवं. वाळलाय की नाही ते वजनकाटा सांगेल, अंगणवाडीत वाढीचा तक्ता असतो. वजन तक्त्यावरच्या रेघेबरोबर चढत असेल आणि मूल घरभर नाचत असेल, तर घाबरू नका. वजन घटलं, मूल फिकं दिसू लागलं, माती खाऊ लागलं, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल किंवा पातळ सोडून काहीच गिळत नसेल, तर मात्र घरगुती उपाय पुरे करा आणि डॉक्टरांकडे जा.

जाण्याआधी तीन दिवस एक वही ठेवा. पोटात गेलेलं सगळं लिहा, दुधासकट, "एवढंसं दिलं" त्याच्यासकट. आमच्या वहीत तीन दिवसांत शेव सात वेळा निघाली. आजोबांना ती वही मी अजून दाखवलेली नाही. ते आत्ता घरी रेडिओ ऐकत बसले असतील.

नमस्कार.