आपलाच हात लागला नाही ना?

मंडळी, आज ज्या शास्त्रज्ञाबद्दल बोलायला उभा आहे, त्यांचा पहिला गाजलेला निष्कर्ष बहुधा चुकीचा होता. मी मुद्दाम तिथूनच सुरुवात करतो, कारण त्यांचं मोठेपण मला तिथेच दिसतं.

स्वांते पेबो १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये, उप्सालाला, विषाणूंवर पीएचडी करत होते. तेरा वर्षांचे असताना आईनं त्यांना इजिप्त दाखवलं होतं, आणि मन त्या ममींतच अडकलं होतं. वाळलेल्या मांसात डीएनए टिकतो का, एवढं पाहायला त्यांनी बाजारातून वासराची कलेजी आणली आणि प्रयोगशाळेच्या भट्टीत ५० अंशांवर काही दिवस सुकवली. हे सगळं मार्गदर्शकांना न सांगता. कलेजीत डीएनए सापडला, तुकड्या-तुकड्यांत. मग त्यांनी २३ ममींचे नमुने तपासले. त्यातल्या एका लहान मुलाच्या ममीतून डीएनए मिळाल्याचं त्यांनी १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर केलं आणि जगभर नाव झालं.

आता त्यातली गोम ऐका. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार रासायनिक 'अक्षरां'ची लांब माळ. तो तुकडा सुमारे ३,४०० अक्षरांचा होता. शरीर मेलं की पेशीतलीच विकरं डीएनए कातरू लागतात. उरलेलं काम पाणी, प्राणवायू आणि जंतू करतात. हजारो वर्षांनी हाती येतात ते बहुतेक शंभर अक्षरांच्याही आतले तुकडे. एवढा लांब तुकडा ममीचा असणं अवघड. तो आजच्या कुणातरी माणसाचा असावा. पुढे पेबोंनी स्वतःच हे मोकळेपणानं मान्य केलं.

त्यानंतरची त्यांची सगळी कारकीर्द मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते: हे खरंच हाडातलं आहे, की आपल्याच हाताला लागलेलं? बर्कलीला ॲलन विल्सन यांच्याकडे काम करताना पीसीआरचं तंत्र हाती आलं. एका रेणूच्या असंख्य प्रती काढणारं हे तंत्र, पण ते संशोधकाच्या डोक्यातल्या कोंड्याच्या कणातला डीएनएही तितक्याच आनंदानं वाढवतं. १९९४ मध्ये कुणी डायनोसॉरच्या काळातल्या हाडातून डीएनए काढल्याचं सांगितलं. तो माणसाचा निघाला, आणि हे दाखवून देणाऱ्यांत पेबोंची म्युनिकची प्रयोगशाळा होती. म्हणून मग वेगळी स्वच्छ खोली, अतिनील दिवे, ब्लीचनं पुसलेली टेबलं, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं. १९९७ मध्ये निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीच्या मूळ सांगाड्यातून, १८५६ साली जर्मनीत सापडलेल्या, ३७९ अक्षरं वाचली गेली. तेव्हाही अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगशाळेनं तोच निकाल काढल्यावरच तो छापला.

पुढे एक सुंदर खूण हाती लागली. जुन्या डीएनएच्या टोकांना 'सी' हे अक्षर झिजतं आणि यंत्र ते 'टी' वाचतं. डीएनएला पडलेल्या सुरकुत्याच म्हणा ना! ज्या तुकड्याच्या टोकाला ही झीज नाही, त्याच्या वयावर संशय घ्यायचा.

१९९७ चा निकाल सांगत होता की निअँडरथल आपले पूर्वज नाहीत. पेबोंचा स्वतःचा कलही तिकडेच होता. पण त्या वेळी वाचला होता फक्त आईकडून येणारा, मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांतला, डीएनए. २०१० मध्ये क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या तीन हाडांपासून पूर्ण जनुकसंचाचा मसुदा तयार झाला आणि उलटंच दिसलं: आफ्रिकेबाहेरच्या माणसांत निअँडरथलचा थोडा वाटा आहे, आजच्या हिशेबानं दोनेक टक्के. त्यांनी आपलं मत बदललं. त्याच वर्षी सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या एवढ्याशा हाडातून एक अनोळखी मानवसमूहच समोर आला. २०२२ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

हा वाटा नुसता इतिहासातला नाही. २०२० मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा निअँडरथलकडून आला आहे. तो दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत आढळतो.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणात राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या नगराचं उत्खनन झालं. आपल्या उष्ण हवेत डीएनए लवकर नासतो. ६१ नमुने तपासले, हाताशी लागला एक. एका बाईचं, आतल्या कानाभोवतीचं, शरीरातलं सगळ्यांत घट्ट हाड. त्यातूनही डीएनए वाचण्यासाठी शंभरावर वेळा द्रव्य तयार करावं लागलं, तेव्हा कुठे २०१९ चा शोधनिबंध झाला. तिच्यात मध्य युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या (स्टेप) पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. या एका वाक्यावरून, आर्य बाहेरून आले की इथलेच, या वादात दोन्ही बाजूंनी जे रण माजलं, त्याचं मला वाईट वाटतं. निबंध स्वतः फार जपून लिहिला आहे. एकटीवर न विसंबता, इराण आणि तुर्कमेनिस्तानात सापडलेल्या तशाच वंशांशाच्या ११ व्यक्तींशी तिला ताडून पाहिलं आहे.

पूर्वी उत्खननात हाड निघालं की ते उघड्या हातानं उचलून, पाण्यानं धुऊन, पेटीत ठेवत. आता सांगाडा दिसताच खोदणारे आधी हातमोजे आणि मास्क चढवतात, आणि मगच खड्ड्यात वाकतात.