लंबकाला कोणी ढकललं?

[काळा पडदा. कर्सर लुकलुकतोय.]

साइन ३० किती? शाळेपासून पाठ आहे, अर्धा. संगणक मात्र सांगतो, उणे ०.९८८.

त्याचं काही चुकलेलं नाही. त्याने ३० म्हणजे रेडियन, कोन मोजायचं दुसरं एकक, धरले, आपल्या मनात अंश होते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याची प्रोग्रॅमिंगशी पहिली चकमक बहुतेकदा अशीच कुठेतरी होते. लाल अक्षरांत एरर आली असती तर परवडलं असतं. इथे उत्तर आलंय, दशांशचिन्हापुढे भरपूर आकडे मिरवत. फक्त ते आपण न विचारलेल्या प्रश्नाचं आहे.

[वहीत काढलेली लंबकाची आकृती, शेजारी लॅपटॉप.]

कोणती भाषा शिकायची यावर हवा तेवढा वाद घालता येतो. फोरट्रॅन १९५७ पासून आहे आणि मोठमोठी गणितं आजही तिच्यात चालतात. पायथन आली १९९१ मध्ये, नवख्याला ती लवकर हाताशी येते. पायथन घ्या आणि पुढे चला. आपल्याला लंबकाकडे जायचंय.

एक मीटर दोरी, टोकाला गोळा, सुरुवातीचा कोन १० अंश. प्रयोगशाळेत स्टॉपवॉच घेऊन याचा दोलनकाल प्रत्येकाने मोजलेला असतो, साधारण २ सेकंद. आता हाच लंबक कोडमध्ये हलवायचा. युक्ती अठराव्या शतकातली, ऑयलर या गणितज्ञाची. काळाचे बारीक तुकडे करायचे, समजा सेकंदाचा शंभरावा भाग. आत्ताच्या वेगावरून गोळ्याची पुढची जागा काढायची, आत्ताच्या त्वरणावरून पुढचा वेग. हेच लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवून, १००० वेळा केलं की १० सेकंदांची हालचाल तयार. जेमतेम दहा-बारा ओळींचं काम.

[पडद्यावर आलेख उमटू लागतो.]

झोके दिसतायत. पहिल्यांदा हे बघताना जो आनंद होतो, तो होऊ द्यावा. मग जरा निरखून बघा. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा किंचित मोठा आहे. पाचच झोक्यांत १० अंशांचा लंबक १६ अंशांपर्यंत पोचलाय. ऊर्जा मोजली, तर सुरुवातीच्या अडीचपटीहून जास्त!

कोणी ढकललं त्याला?

कोडमध्ये हवा नाही, घर्षण नाही, हात लावायला कोणी नाही. ऊर्जा आली ती आपल्या पद्धतीतून. आडव्या अक्षावर कोन आणि उभ्या अक्षावर कोनीय वेग घेऊन आलेख काढा. घर्षण नसलेल्या लंबकाचा मार्ग पुन्हा स्वतःलाच येऊन मिळतो, बंद वळसा होतो. आपली पद्धत मात्र प्रत्येक पाऊल स्पर्शिकेवरून टाकते, आणि स्पर्शिकेवरून चालणारा वळशाच्या बाहेरच पडणार. पावलागणिक ऊर्जा जवळजवळ ०.१ टक्का वाढते. हजार पावलांवर त्याचं चक्रवाढ व्याज होतं. पाऊल निम्मं केलं तर त्याच १० सेकंदांत वाढ ६३ टक्क्यांवर येते. कमी झाली, थांबली नाही.

इलाज एका ओळीचा आहे. आधी वेग बदलायचा आणि जागा काढताना हा नवा वेग वापरायचा. एवढ्याशा फरकावर ॲलन क्रोमर यांनी १९८१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. आता ऊर्जा थोडी वरखाली होते, पण चढत जात नाही. गंमत म्हणजे काही जण जुना वेग वेगळा साठवून ठेवायला विसरतात आणि नकळत हीच पद्धत वापरून बसतात. उत्तर बरोबर येतं, का आलं ते कळत नाही.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मित्राचं कोड कदाचित आपल्याहून देखणं असेल. पण या लंबकाची ऊर्जा वाढता कामा नये, हे कोडला कुठून कळणार? ते आपल्याला ठाऊक असतं. आणखीही एक खूण आपल्याजवळ आहे. कोन लहान असेल तर दोलनकाल पुस्तकातल्या सूत्राइतका, २.०१ सेकंद यायला हवा. तो आला की मग लंबक ९० अंशांवरून सोडायचा. सूत्र इथे चालत नाही, कोड मात्र सांगतं, २.३७ सेकंद. हे आता स्टॉपवॉचने पडताळता येईल. फक्त दोरीऐवजी हलकी, ताठ दांडी घ्या.

[जुन्या संगणकाचं कृष्णधवल छायाचित्र.]

अनपेक्षित उत्तर आलं की पहिला संशय कोडवर घ्यावा, हे बरोबरच. पण एकदा गोष्ट वेगळी निघाली. १९५३ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत फर्मी, पास्ता आणि उलाम या शास्त्रज्ञांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी मॅनिॲक या संगणकावर हलवून पाहिली. प्रोग्रॅम लिहिला मेरी त्सिंगू यांनी. स्प्रिंगांमध्ये थोडी अरेषीयता ठेवली होती, म्हणजे बल ताणाच्या अगदी प्रमाणात नव्हतं. एका कंपनाला दिलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल, अशी अपेक्षा होती. ती पसरली खरी, पण मोजक्याच कंपनांत. आणि बऱ्याच वेळाने जवळजवळ सगळीच्या सगळी पहिल्या कंपनात परत आली. हे खरंच घडत होतं. अरेषीय गतिकीचा केवढा तरी अभ्यास पुढे या कोड्यातून उभा राहिला. १९५५ च्या अहवालावर लेखक म्हणून तिघांचीच नावं आहेत. त्सिंगूंचं नाव काम करणाऱ्यांच्या यादीत आणि आभारात.

[पुन्हा लॅपटॉप. लंबकाच्या गोळ्याखाली दुसरा लंबक टांगलेला.]

दुहेरी लंबक. इथे ऑयलर पुरत नाही, म्हणून त्याहून बरीच अचूक, चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत घेतली आहे. असे दोन दुहेरी लंबक शेजारी शेजारी सोडलेत, भरपूर उंचावरून. त्यांच्या कोनांत फरक अंशाच्या हजाराव्या भागाचा.

काही वेळ दोघं जोडीने हलतात. मग एक सुटतो, गिरकी घेतो, दुसरा भलतीकडेच जातो.

कोड चुकलं?

[खालच्या कोपऱ्यात दुसरा आलेख उघडतो, दोन्ही लंबकांच्या एकूण ऊर्जेचा. दोन रेघा, दोन्ही सपाट.]